गोळी कशी घेऊ नये

परभणी जिल्ह्याच्या आरोग्याच्या इतिहासाचे यापुढे दोन भाग पडतील, एक व्हिडिओच्या आधीचा आणि दुसरा व्हिडिओच्या नंतरचा, असं चंद्रभानराव गिराम यांनी एका मंगळवारी सकाळी साडेआठ वाजता जाहीर केलं. श्रोत्यांत त्यांच्या पत्नी कुसुमबाई एकट्याच होत्या आणि त्या शेंगदाणे निवडत होत्या.

"आधी नळ बंद करा," कुसुमबाई म्हणाल्या. "टाकी भरून पाणी अंगणात चाललंय."

इतिहासाचा दुसरा भाग त्यामुळे दहा मिनिटं उशिरा सुरू झाला.

चंद्रभानराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. एकतीस वर्षं आवक-जावक शाखेत काढली. कालव्याला पाणी येवो न येवो, कालव्याबद्दलचं पत्र त्यांच्या टेबलावरून त्याच दिवशी पुढं सरकायचं. निवृत्तीनंतर तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीवर त्यांना सदस्य म्हणून घेतलं गेलं. सदस्यानं सहा महिन्यांतून एकदा यायचं, चहा घ्यायचा आणि दाखवतील तिथं सही करायची, असा तिथला रिवाज. चंद्रभानराव सही करण्याआधी मजकूर वाचायचे. त्यामुळे समितीत त्यांच्याबद्दल आदर होता आणि बैठकीला बोलावणं जरा उशिरा जायचं.

व्हिडिओचा विचार त्यांच्या डोक्यात आला तो थोरल्या बहिणीमुळे. बायनाबाई बोरीला राहायची. वय बहात्तर, स्वभाव पहिल्यापासून हट्टी. दोन महिन्यांपूर्वी भाकरी थापता थापता तिची जीभ जड पडली, तोंड एका बाजूला ओढलं, आणि अर्ध्या तासात सगळं पुन्हा जागेवर आलं. दवाखान्यात बीपी मोजलं तर ते बघून मशीन बिघडलं असेल म्हणून दुसरं मशीन आणलं. दुसऱ्यानंही तोच आकडा सांगितला. डॉक्टर मॅडम चंद्रभानरावांना बाजूला घेऊन म्हणाल्या, "ही नोटीस समजा. रोज गोळी घेतली नाही, तर पुढच्या वेळी अर्ध्या तासात सुटका होणार नाही."

नोटीस म्हणजे काय हे चंद्रभानरावांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पहिली नोटीस येते, क्वचित दुसरी येते, आणि तिसरी येतच नाही, थेट कारवाई होते.

बायनाबाईनं बारा दिवस गोळी घेतली. तेराव्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडली.

"दुखतंय कुठं की गोळी खाऊ?" ती फोनवर म्हणाली.

"आक्का, बीपी दुखत नसतं."

"मंग दुखंल तवा खाईन."

"तवा खायला तोंड सरळ राहील का?"

"चंदर, तुझं नाक पुसलंय म्या. तू मला तब्येतीचं सांगतोस व्हय?"

नाक तिनं पुसलं होतं ही गोष्ट खरी होती. मात्र बायनाबाईचा एका गोष्टीवर पूर्ण विश्वास होता, ती म्हणजे टीव्ही. टीव्हीत कुणीतरी मेथीचं पाणी गुडघ्याला चांगलं म्हटल्यावर तिनं दीड महिना मेथीचं पाणी पिऊन घरच्यांना बेजार केलं होतं. भावाचं ती ऐकणार नव्हती, पण भाऊच टीव्हीत गेला तर प्रश्न सुटत होता. दवाखान्याच्या ओपीडीत टीव्ही होताच. दर महिन्याला गोळ्या न्यायला बोरीच्या आसपासची माणसं तिथं येत होतीच. बहिणीच्या निमित्तानं तालुका सुधारला असता.

त्यांनी डॉक्टर मॅडमना विचारलं. मॅडम पेशंट तपासता तपासता म्हणाल्या, "करा ना काका, छानच होईल."

इतक्या सहज मंजुरी मिळाल्यानं चंद्रभानराव दुखावले. एकतीस वर्षांत त्यांनी अशी बिनकागदाची मंजुरी पाहिली नव्हती. घरी जाऊन त्यांनी विषय, संदर्भ आणि 'उपरोक्त विषयान्वये' घालून दोन पानी अर्ज लिहिला आणि मंजूर झालेली गोष्ट रीतसर पुन्हा मागितली. लेखी अर्ज आल्यामुळे तो मॅडमना वर पाठवावा लागला. वरच्या कार्यालयानं रुग्णांसाठी चित्रफीत म्हणजे नक्की काय, असं विचारलं. चंद्रभानरावांनी खुलासा दिला. खुलाशासोबत खुलाशाची प्रत नाही म्हणून तो परत आला. पाच आठवड्यांनी परवानगी हातात पडली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते कुसुमबाईंनी लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

परवानगी यायच्या आधीच गल्लीत सल्ले सुरू झाले होते. बीपीसोबत मुतखडा पण घ्या, असं एकानं सुचवलं. दुसऱ्याचं म्हणणं, साप चावल्याचा प्रसंग टाका, त्याशिवाय माणूस बसून बघत नाही. पलीकडच्या घरातले मुंजाजी, ज्यांचं बी-बियाण्याचं दुकान होतं, त्यांनी कथा ऐकून घेतली आणि म्हणाले, "साहेब, चांगलंय. पण खामखा लांबड न्हाई लावायची. पहिल्यांदा चुका दाखवा. मंग बरोबर काय ते सांगा. फवारणीच्या व्हिडिओत असंच असतंय."

हा सल्ला पटला. पुढं जे झालं त्याला हाच सल्ला कारण होता, हे मुंजाजींना नंतर सांगितलं तेव्हा त्यांनी तो दिल्याचं नाकारलं.

अडचण आली ती पात्रांची. व्हिडिओत डॉक्टर व्हायला अख्खी गल्ली तयार होती. चुका करणारा पेशंट व्हायला एकही माणूस तयार नव्हता.

"तुम्ही व्हा पेशंट," चंद्रभानराव मुंजाजींना म्हणाले.

"म्या?" मुंजाजी खुर्चीत मागं सरकले. "साहेब, पोरीचं जमवायचं चाललंय. जिंतूरकडचे पाहुणे यायलेत पुढच्या आठवड्यात. बाप बीपीचा अन् वरून गोळ्या चुकवणारा, असं टीव्हीत दिसलं तर कोण येईल? डॉक्टर करा मला. डॉक्टर असला तर उलट वजन पडंल."

"डॉक्टरला पेशंटवर रागवायचंय. जमेल का?"

"रागवीन की. पण तोंड रागीट नको दिसायला. पाहुणे बघतील."

शेवटी पेशंटचं काम चंद्रभानरावांनी स्वतःकडे घेतलं. एका अर्थानं हा त्याग होता. कुसुमबाईंनी मात्र त्याला त्याग म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, "तुम्हाला मिरवायचं होतंच."

चित्रीकरणाला महारुद्र आला. महारुद्र लग्नाचे व्हिडिओ काढायचा. लग्नाच्या तिथी संपल्या होत्या, कॅमेरा रिकामा होता, आणि दवाखान्यासाठी काही करावं असं त्यालाही मनापासून वाटत होतं. फक्त लग्न सोडून दुसरं काही त्यानं आजवर काढलं नव्हतं.

"काका, गोळीची एंट्री कशी ठेवायची?" त्यानं आल्या आल्या विचारलं.

"एंट्री कसली? मी डब्बीतून काढणार."

"अशी कोरडी न्हाई चालत काका. ताटात ठेवू. पाकळ्या टाकू. हळूहळू कॅमेरा वरून खाली येईल."

चंद्रभानरावांनी विरोध केला, पण महारुद्र कॅमेरा घेऊन आधीच स्टुलावर चढला होता.

पहिल्या भागात चार चुका होत्या. गोळी दातानं अर्धी करून उरलेली अर्धी खिशात टाकणं. ती अर्धी शेजाऱ्याला देणं. बरं वाटलं म्हणून गोळी फेकून देणं. आणि जेवताना वरून मीठ भुरभुरून पापड खाणं. गोळी म्हणून पेपरमिंट वापरलं. पापड मात्र खरे होते, कारण खोटे पापड मिळत नाहीत. महारुद्रला पापड मोडल्याचा आवाज हवा तसा मिळेना, म्हणून चंद्रभानरावांनी अकरा पापड खाल्ले. कुसुमबाई दारात उभ्या राहून मोजत होत्या.

"वर्षाचे केलेत म्या," एवढंच त्या म्हणाल्या.

नंतर डॉक्टर आले. मुंजाजींनी पांढरा कोट घातला होता आणि केसांना तेल लावून भांग पाडला होता. पाहुण्यांचा विचार मनात असल्यामुळे त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत मंद हसू होतं. "असं केलंत तर लकवा मारंल," हे वाक्य त्यांनी हसतमुखानं म्हटलं. "मेंदूतली नस फुटंल," हे म्हणताना त्यांनी चंद्रभानरावांची पाठ थोपटली. रागावणं हातून नीट झालं नाही असं त्यांनाच वाटलं असावं, कारण शेवटी त्यांनी स्वतःहून हस्तांदोलनही केलं.

दुसरा भाग म्हणजे 'गोळी कशी घ्यावी'. यात चंद्रभानराव खुर्चीत बसून नऊ मिनिटं बोलत होते. हातवारे नाहीत, पापड नाहीत. भाषण चांगलं होतं. त्यात तीन ठिकाणी 'सबब' हा शब्द होता.

महारुद्रनं सगळं जोडून आणलं. सुरुवातीला 'काय करू नये' ही अक्षरं होती, पण ती लग्नपत्रिकेच्या वळणाची आणि भोवती वेलबुट्टी इतकी की दोन सेकंदांत फक्त फुलं दिसायची. चंद्रभानराव गोळी चावून अर्धी करतात तिथं वरून गुलाबाच्या पाकळ्या पडत होत्या. डॉक्टर पाठ थोपटतात तो प्रसंग तीन वेळा, तीन बाजूंनी, सावकाश दाखवला होता. मागं सनई.

"पाकळ्या काढ," चंद्रभानराव म्हणाले.

"काका, त्या काढल्या की सनई पण निघते. एकत्रच असतंय ते."

उद्घाटनाला टीव्हीला हार घातला. तीन भाषणं झाली. व्हिडिओ लागला आणि चंद्रभानराव पहिल्या रांगेत बसून भारावून बघत राहिले. त्यांना प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू आला. सगळी वाक्यं त्यांचीच होती आणि तोंडपाठ होती.

नंतर अठरा दिवस ओपीडीत तो व्हिडिओ सकाळी नऊपासून पुन्हा पुन्हा चालत राहिला. चंद्रभानराव बाजारात निघाले की लोक ओळखीचं हसायचे. भाजीवाल्यानं विचारलं, "कसं काय, पापड चालू का?" चंद्रभानरावांनी ही लोकजागृतीची सुरुवात समजून मान डोलावली.

एकोणिसाव्या दिवशी दवाखान्यातून सुकेशनी सिस्टर घरी आल्या. त्या गोळ्यांच्या खिडकीवर बसायच्या. पाणी प्यायल्या, मग म्हणाल्या, "काका, लोक अर्ध्या गोळ्या मागायलेत."

"म्हणजे?"

"म्हणजे महिन्याच्या पंधराच द्या, म्हणायलेत. टीव्हीत दाखवल्यावाणी अर्धी अर्धी घेतो, म्हणायलेत. काल दोघं आले, नवऱ्याला बीपी, बायकोला न्हाई. तरी अर्धी तिला देतो म्हणला. शेजाऱ्याला द्यायचीच असते तर घरात दिलेली काय वाईट."

"पण व्हिडिओत स्पष्ट सांगितलंय की असं करू नये."

"सांगितलं असंल. ऐकू कुठं येतंय? टीव्हीचा आवाज बंद हाय ना."

"आवाज कुणी बंद केला?"

सुकेशनी सिस्टरांनी मोबाइलवर एक फोटो दाखवला. टीव्हीखाली चिकटवलेला समितीचा ठराव होता. ओपीडीत मालिकेच्या नादात पेशंटला स्वतःचा नंबर ऐकू येत नाही, सबब दूरचित्रवाणी संचाचा आवाज पूर्णतः निरंक ठेवण्यात यावा आणि रिमोट कुलपात ठेवण्यात यावा. मसुदा कुणाचा आहे ते 'निरंक' या शब्दावरूनच कळत होतं. खाली सही चंद्रभानरावांची होती. ती वाचून केलेली सही होती.

चंद्रभानरावांनी मनातल्या मनात आपला व्हिडिओ आवाजाशिवाय पाहिला. एक सज्जन, निवृत्त, सरकारी माणूस गोळी चावून अर्धी करतो. आकाशातून पुष्पवृष्टी होते. तो उरलेली अर्धी शेजाऱ्याला देतो, खारवलेले पापड खातो, आणि पांढऱ्या कोटातला डॉक्टर हसत त्याची पाठ थोपटतो. तीन वेळा. त्यानंतर तोच माणूस खुर्चीत बसून नऊ मिनिटं ओठ हलवतो, तेव्हा लोक चहाला जातात.

"अन् एका आजींनी विचारलं," सिस्टर उठता उठता म्हणाल्या, "पापड उडदाचाच पाहिजे का नागलीचा चालंल."

सिस्टर गेल्या आणि तासाभरात बोरीहून फोन आला.

"चंदर," बायनाबाईचा आवाज इतका प्रसन्न होता की चंद्रभानरावांनी आधी खुर्ची ओढून घेतली. "आमच्या गल्लीतल्या बाया बघून आल्या तुला टीव्हीत. तू सोता अर्धी गोळी फेकायलास म्हणं, अन् डाक्टर तुला शाबासकी द्यायलाय. मला मातर रोज खा, रोज खा."

"आक्का, ते करू नये असं दाखवलंय."

"करू नये तर केलंस कशाला?"

"दाखवायला केलं."

"बरं बरं. म्या बी अर्धी घ्यायले होते मधी मधी, तू सारखा टोकतूस म्हणून. आता डाक्टरच हसायलाय म्हणल्यावर ती बी सोडून दिली."

फोन ठेवल्यावर चंद्रभानरावांनी हिशेब मांडला. व्हिडिओ व्हायच्या आधी बहीण निदान अर्धी गोळी घेत होती. तीही आता त्यांनी स्वतःच्या हातानं, सनई लावून, बंद केली होती.

दुसऱ्या दिवशी ते मॅडमकडे गेले आणि व्हिडिओ काढून टाका म्हणाले. मॅडम म्हणाल्या, परवानगी वरून आलीय, काढायचं असेल तर वर कळवावं लागेल. आवाज चालू करणं सोपं होतं, तेवढ्यासाठी समितीचा दुरुस्ती ठराव पुरेसा होता. चंद्रभानरावांनी तिथंच बसून मसुदा लिहिला. मागच्या वेळी आपलाच शब्द नडला अशी टोचणी असल्यामुळे या वेळी त्यांनी कसूर ठेवली नाही: 'संचाचा आवाज यापुढे संपूर्ण क्षमतेने खुला ठेवण्यात यावा.' बाकी सदस्यांनी रिवाजाप्रमाणे न वाचता सह्या केल्या. रिमोट कपाटात होता. कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे होती त्या भांडारपालांची मानवतला बदली झाली होती. माणूस जाऊन किल्ली आणायला सहा दिवस गेले. ठरावात संपूर्ण क्षमता म्हटल्यामुळे शिपायानं आवाज शंभरावर नेला आणि रिमोट पुन्हा कुलपात ठेवला. पहिला ठराव त्यापुरता अजून लागू होता.

सातव्या दिवशी, गुरुवारी सकाळी, बायनाबाईला तिच्या मुलानं मोटारसायकलवर मधे बसवून दवाखान्यात आणलं. मागून तिला धरायला सून होती. अंगणात चक्कर येऊन ती पडली होती आणि डाव्या हाताला मुंग्या येत होत्या. मॅडमनी बीपी मोजलं. या वेळी दुसरं मशीन मागवलं नाही.

दुपारपर्यंत ती ओपीडीला लागून असलेल्या खोलीत पलंगावर होती. चंद्रभानराव पायथ्याशी उभे होते. तिच्या चपला त्यांच्या हातात होत्या. पलंगाखाली ठेवल्या असत्या तरी चालल्या असत्या, पण ते सुचलं नाही. बाहेर टीव्ही गरजत होता. दर पंधरा मिनिटांनी पापड मोडायचा आणि खिडकीची काच थरथरायची. नंबर कुणाला ऐकू येत नव्हते. सिस्टर बाहेर जाऊन हात धरून एकेका पेशंटला आत आणत होत्या. "लकवा मारंल," मुंजाजी सगळ्या दवाखान्याला सांगत होते.

दोन वाजता मॅडम आल्या, हात उचलायला लावला, हसायला लावलं. बायनाबाईला हसायचं कारण दिसेना, तरी तिनं हसून दाखवलं. तोंड सरळ होतं.

"थोडक्यात निभावलं," मॅडम चंद्रभानरावांना म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटकडे गेल्या.

चंद्रभानराव काहीतरी बोलणार होते. उद्घाटनाच्या भाषणातली दोन चांगली वाक्यं त्यांना आठवतही होती. पण बहिणीचा डावा हात चादरीवर पडला होता, आणि ती तो उजव्या हातानं मधून मधून चाचपून बघत होती, आपलाच आहे ना म्हणून. त्यांनी चपला या हातातून त्या हातात घेतल्या.

सुकेशनी सिस्टर गोळ्यांची पाकिटं घेऊन आल्या आणि स्टूल ओढून बायनाबाईच्या उशाशी बसल्या.

"आजी, गोळी का सोडली?"

"बरं वाटायलं म्हणून."

"बरं वाटायलं ते गोळीनंच. माझी आई बी असंच म्हणायची."

बायनाबाईनं मान वळवली. "मंग?"

"मंग काय. दोन वर्षं अंथरुणाला होती. डावा हात गेला तो गेलाच. तिची वेणी मी घालायचे ड्यूटीला यायच्या आधी. तिला लय लाज वाटायची."

बायनाबाईचा उजवा हात डाव्यावर थांबला. मग ती कोपरावर भार देऊन थोडी उठली, पाकिटाकडं बघितलं आणि म्हणाली, "कवा घ्यायची म्हणलीस? जेवणाच्या आदी का मागून?"

सिस्टरांनी सांगितलं. पण नेमकी त्याच वेळी बाहेर गोळी अर्धी झाली, पाकळ्या पडल्या, सनईनं वरचा सूर धरला. सिस्टरांचे ओठ हलताना दिसले फक्त. बायनाबाईनं कान पुढं केला. सिस्टर पुन्हा बोलल्या. पुन्हा सनई.

"चंदर," बायनाबाई म्हणाली, "तुझा त्यो टीव्ही बंद कर बरं जरा. ही पोरगी काय सांगायलीय, ऐकू येईना."